बाजेपाशी थांबलेला उजेड

भोकरजवळच्या एका शाळेत मुलांना आकाश दाखवायला मी लातूरहून गेलो होतो. शिबिराचा स्वयंपाक करणारी बाई जेवणं उरकली की आमच्यात येऊन उभी राहायची. आभाळाकडं बोट करायच्या आधी ओला हात पदराला पुसायची, जणू चांदणी भिजेल.

मी सप्तर्षी दाखवले तशी ती हसली. "कशाचे ऋषी, सर? ही म्हातारीची बाज हाय. ह्ये चार खूर, अन् मागं बाज पळवायला आलेले तीन चोर."

मुलं खिदळली. तेवढ्यात उत्तरेकडून एक उजेड सरकत आला आणि बाजेपाशी थांबला.

"चौथा चोर!" एक मुलगी ओरडली.

"न्हाई गं, ह्यो घरचा माणूस हाय," बाई हळूच म्हणाली. "म्हातारीकडं परत आला बघ."

मुलं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "उपग्रह आहे तो."

"उपग्रह असा थांबतो व्हय, सर?"

"थांबतो."

"हाव का," म्हणून ती भांडी घासायला गेली. थोड्या वेळानं उजेड विझला.

चालता चालता उपग्रह थांबत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तो उजेड कशाचा, ते आजही ठाऊक नाही. तिचा नवरा निजामाबादला कामाला गेला तो परतलाच नाही, हे सकाळी मुख्याध्यापकांनी सांगितलं. तरी मुलांसमोर 'खोटं बोललो' म्हणवेना.

दोन वर्षांनी तिला तेवढंच सांगायला त्या शाळेत गेलो. चुलीपाशी दुसरीच बाई होती. तिला आधीच्या बाईबद्दल विचारलं.

"आधीची कोण, सर? नाव काय तिचं?"

मी ते कधी विचारलंच नव्हतं.