पार्किंगमध्ये थांबणारी माणसं

मला हे लिहायचं नव्हतं. आमच्या गटाची वृंदा, मूळची नागपूरची, इथं अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये आहे, ती मागे लागली. म्हणे, "आबा, तुम्ही बोलता तसंच लिहा, मी टाइप करते." म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेला माणूस, इचलकरंजीला मागावर आयुष्य गेलं, मला या वयात कशाला कामाला लावतेस? तर म्हणे, आपल्या लोकांना हे मराठीतून कोणी सांगतच नाही. बरं, सांगतो. मागनं कुणी म्हणू नका की म्हाताऱ्यानं घरचं चव्हाट्यावर आणलं.

गट कसला, तर पुरुषाशी संसार करणारे पुरुष, बाईशी संसार करणाऱ्या बाया, आणि त्यांच्यातले ज्यांना हा देश कधी हाकलेल त्याचा नेम नाही ते. कायदा माणुसकीचा करा म्हणून सरकारच्या मागे लागलेत. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एक काम नक्की असतं. ज्याची इमिग्रेशनला तारीख असेल त्याला सोडायला जायचं आणि तो बाहेर येईपर्यंत पार्किंगमध्ये थांबायचं. कारण हल्ली मुलाखतीला आत गेलेला माणूस बाहेर येईलच असं नाही. तिथनंच बेड्या घालून नेतात. असं थांबलेलं माणूस शांत बसू शकत नाही, काहीतरी मूर्खपणा करतं. किस्से साठतात ते असे.

आणि मी यात कसा? माझा नातू ओंकार. लेकीचा मुलगा, इथंच जन्मला, इथला नागरिक. त्यानं मातेओशी लग्न केलं, नगरपालिकेत जाऊन, घरी न सांगता. मातेओ ग्वाटेमालाचा. त्याच्या गावात असल्या पोरांना गाठून मारतात, एकदा मारलंही, म्हणून पळून आला. नातवानं पोराशी लग्न केलं हे मला विचित्र वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या पोराला परत पाठवलं तर तो जिवंत राहणार नाही, एवढं चौथी शिकलेल्याला पण कळतं.

*

गटाची बैठक आयसेलिन गावात, ओक ट्री रोडवर एका साडीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. पहिल्यांदा ओंकार मला घेऊन गेला. सगळे गोल खुर्च्या मांडून बसलेले. सुरुवातीला प्रत्येकानं एका शब्दात सांगायचं, आज मनात काय आहे. एकजण म्हणाला भीती. एक म्हणाली आशा. एकजण नुसता रडला, तेही चाललं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "गुडघा."

वृंदानं इंग्रजीत सांगितलं. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि शेजारची अमेरिकन बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, थँक यू फॉर शेअरिंग.

घरी येताना ओंकारला म्हटलं, ही माणसं वेडी आहेत, पण चांगली आहेत. पुढच्या वेळी उशी घेऊन जाऊ.

*

मग आम्ही इथल्या खासदाराच्या ऑफिसात गेलो, कायद्याचं सांगायला. वृंदानं तालीम घेतली होती. प्रत्येकाला एक मिनिट. आपली गोष्ट सांगायची, शेवटी मागणी करायची, आभार मानायचे. खासदार नव्हताच. त्याच्या ऑफिसातली एक पोरगी समोर वही उघडून बसली. सगळ्यांनी आपलं काळीज काढून समोर ठेवलं, आणि दर वेळी ती गोड हसून एकच म्हणायची, "वी हिअर यू."

माझं मिनिट माझं नाव, गाव आणि मी कोणाचा कोण हे सांगण्यातच संपलं. तरी ती म्हणाली, "वी हिअर यू."

मी वृंदाला म्हटलं, "तिला विचार, ऐकू येतंय तर वही कोरी कशी?"

वृंदा नको नको म्हणत होती. मी उठेना. शेवटी तिनं विचारलं. पोरगी लाल झाली, खाली वाकली आणि काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर विचारलं, काय लिहिलं गं तिनं? वृंदानं वाकून वाचलं होतं. म्हणाली, "'आजोबा रागावले आहेत.' एवढंच. पण आबा, आपल्या सगळ्यांत नोंद तुमचीच झाली."

*

आता मुलाखतीचं. नवरा-नवरी खरे आहेत का ग्रीन कार्डासाठी नाटक करतायत हे बघायला दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात. पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, घोरतं कोण. दोघांनी महिनाभर पाठांतर केलं. मीच घ्यायचो परीक्षा, जेवताना.

इथं माझ्या लेकीबद्दल सांगायला पाहिजे. सुनीता, ओंकारची आई. मी तिच्याकडेच राहतो. लग्न कळल्यापासून ती ओंकारशी एक अक्षर बोलली नव्हती. फोन आला की माझ्या हातात द्यायची आणि बाजूला उभी राहून ऐकायची.

मुलाखतीत सरकारी बाईनं ओंकारला विचारलं, तुझ्या आईची आणि मातेओची शेवटची भेट कधी? ओंकार म्हणाला, कधीच नाही, माझी आई आमच्याशी बोलत नाही.

तोच प्रश्न मातेओला. तो म्हणाला, "गेल्या बुधवारी."

झालं. बाईनं पेन खाली ठेवलं.

खरं काय होतं? ओंकार बुधवारी ऑफिसला जायचा. त्या दिवशी सुनीता डबा घेऊन मातेओच्या टायरच्या दुकानावर जायची. भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. आणि त्याच्याकडून शपथ घ्यायची की ओंकारला सांगायचं नाही. मी तिला नंतर विचारलं, का गं असं? तर म्हणते, "मी ओंकारवर रागावलेय. त्या पोराचा काय संबंध?"

मातेओ नवऱ्याशी गप्प राहिला, पण सरकारी बाईसमोर खोटं बोलला नाही. खरं बोलला म्हणून दोघांवर संशय आला, आणि दुसरी मुलाखत लागली. त्यांच्या वकीलबाईनं तोंड वाकडं करून सांगितलं, दुसऱ्या वेळी थेट आत घेण्याचं प्रमाण वाढलंय, तयारीत या. घरच्यांबरोबरचे, समाजातले फोटो आणा.

*

घरच्यांबरोबरचा एकही फोटो नव्हता. समोर गणपती आले होते. आपल्या इथल्या मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसतो आणि दर आरतीला एक जोडपं ताट धरतं. मी दोघांना सदरा घालून नेलं आणि ताट उचलून त्यांच्या पुढे केलं.

मंडळाचा अध्यक्ष मधे आला. प्रकाश भुस्कुटे, साताऱ्याकडचा, आयसेलिनलाच राहतो, इतकी वर्षं माझ्याबरोबर सकाळी फिरायला येणारा माणूस. त्यानं माझ्या हातातनं ताट काढून घेतलं. ओढलं म्हणा. आणि दोनशे माणसांत म्हणाला, "आबा, नाटकं घरी करा."

मी दोघांना घेऊन हॉलमधनं बाहेर पडलो. दुसऱ्या दिवसापासून मी एकटा फिरायला जायला लागलो.

*

मग मी म्हटलं, मंडळ गेलं खड्ड्यात, आपण केळवण करू.

वृंदा म्हणाली, "आबा, केळवण लग्नाआधी असतं."

म्हटलं, लग्नाआधी आम्हाला विचारलं कुणी? राहिलेलं जेवण आता घालायचं.

केळवण सुनीताच्याच घरी झालं. सगळा गट आला. ती सकाळपासून स्वयंपाकघरात होती, बाहेर डोकावली नाही. ओंकार आला, चपला काढल्या, तरी आतनं पोळ्या लाटल्याचाच आवाज. पानं वाढली. वृंदा म्हणाली, नाव घ्या, उखाण्याशिवाय घास नाही. ओंकारला एकही येईना. अमेरिकेत जन्मलेलं पोर. मातेओ म्हणाला, मला येतो. आणि मांडी सरळ करून म्हणाला,

"भाकरीवर ठेचा, ठेच्यावर तेल,
ओंकारचं नाव घेतो, कार्ड कधी येईल?"

सगळे हसले.

ओंकार त्याच्याकडे बघत राहिला. "हू टॉट यू दॅट?"

मातेओनं स्वयंपाकघराकडे बोट केलं. आत लाटणं थांबलं. मग सुनीता तुपाचं भांडं घेऊन बाहेर आली, आधी मातेओला वाढलं, मग ओंकारला. ओंकारला म्हणाली, "बारीक झालायस." वर्ष-दीड वर्षानंतर पहिला शब्द तो.

फोटो काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. वृंदानं शेवटी उष्ट्या पानांचा काढला.

*

दुसरी मुलाखत माघातली. हाडं गोठवणारी थंडी. सुनीता साक्षीला त्यांच्याबरोबर आत गेली. आत जाताना मातेओनं अंगठी काढून ओंकारकडे दिली; तसलं काही झालं तर तिथं हरवते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ओंकारनं ती परत त्याच्या बोटात घातली.

आम्ही पार्किंगमध्ये. मी गाडीत बसायचो, उतरायचो, पुन्हा बसायचो. वृंदानं थर्मासमधला चहा सगळ्यांना दोनदा वाटला, स्वतः प्यायलीच नाही. इमारतीच्या बाजूनं एक काचा झाकलेली पांढरी व्हॅन निघाली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत राहिले. ती गेली. दार बंदच.

तेवढ्यात मंडळाची गाडी येऊन शेजारी उभी राहिली. आतनं भुस्कुटे उतरला. कोट, मफलर. माझ्याकडे बघितलं नाही. मागचं दार उघडून गणपतीच्या हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या काढल्या, एक माझ्यामागे उघडून ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला. मी बसलो नाही. मग गुडघ्यानं ऐकेना, बसलो.

दुपार कलली तेव्हा दार उघडलं. आधी सुनीता, मग ओंकार. त्यांच्यामागे दार मिटलं. वृंदानं माझा खांदा धरला. मग पुन्हा उघडलं आणि मातेओ आला, सुनीताची पर्स काखेत मारून, ती आत विसरली होती म्हणून. निर्णय पत्रानं कळवू म्हणाले. अजून कळवलेला नाही.

कुणी काही बोलायच्या आत भुस्कुटे पुढे झाला. गाडीतनं मंडळाचं आरतीचं ताट काढलं. तेच. बॉनेटवर ठेवून वाऱ्याला पाठ करून कापूर पेटवला आणि ताट दोघांपुढे धरलं. "जोडीनं धरा. दोन्ही हातांनी."

सिक्युरिटीवाला धावत आला, सर, इथं आग लावता येणार नाही.

भुस्कुटे त्याला म्हणाला, "टू मिनिट्स. फॅमिली आहे." आणि टाळ्या वाजवत आरती सुरू केली. त्याचा आवाज कसा आहे ते आयसेलिनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. सिक्युरिटीवाल्यानं टोपी काढली.

आरती झाल्यावर भुस्कुटेनं खुर्च्या आवरल्या, माझ्याखालची सुद्धा, आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला निघालो तर कोपऱ्यावर उभा. बरोबर चालला. थंडीबद्दल बोलला, मुलाच्या नोकरीबद्दल बोलला, माझ्या गुडघ्याला तेल सुचवलं. जे बोलायला पाहिजे ते सोडून सगळं बोलला. रोज येतो. मी रोज वाट बघतो. दोनशे माणसांत बोलला त्याची माफी अजून बाकी आहे. म्हणून वृंदाला त्याचं नाव मुद्दाम पूर्ण लिहायला सांगितलंय: प्रकाश भुस्कुटे.