काचपेपरनं पुसलेला फायटर

अकोल्याला जायचं ठरलं ते एका ट्यूबच्या टीव्हीसाठी.

घरी गेम मशीन बांधणाऱ्यांना हे वाक्य पुरेल. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये माणसाच्या उंचीची लाकडी कपाटं असायची. वर तिरका पडदा, खाली स्टिक आणि बटणं, रुपयाला एक गेम. मुली तिथे जात नसत. मी बाहेर दादाची सायकल धरून उभी राहायची आणि आतले धडाधड आवाज ऐकायची. चाळिशी उलटल्यावर जुन्या गेमच्या कॅसेट जमवायला लागले, आणि मग वाटलं, एक कपाट आपल्या घरातच उभं करावं. आपल्या बटणांवर, आपल्या वेळेत, मनसोक्त हरावं.

कपाटाचा सांगाडा ऑगस्टमध्ये चांदूर रेल्वेला मिळाला. एक किराणा दुकानदार त्यात झाडू आणि फिनाइलच्या बाटल्या ठेवत होता. तीन हजारांत दिला, वर टेम्पोत चढवायलाही आला. पुढचे दोन महिने मी त्यावर घातले. नेटवर जे जे वाचलं ते सगळं केलं. आतल्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली, फोटो काढले, मग सगळं सोडवलं. दोन्ही बाजूंवर कुणीतरी हातानं रंगवलेलं चित्र होतं. एका बाजूला मिशीवाला कराटेवाला, गुडघ्यापर्यंत कापसाच्या झाडांत उभा. दुसरी बाजू अर्धवट सोडल्यासारखी. तोंड नाही, नुसते केस आणि पाठ. मला तेव्हा हसू आलं होतं. काचपेपर लावून मी ते तीन रविवारांत घासून काढलं आणि परदेशी मशीनवर असतं तसं झगझगीत स्टिकर छापून आणून डकवलं. नवरा म्हणाला, "आता कसं विकतचं वाटतं." मला ते कौतुक वाटलं.

राहिला होता फक्त टीव्ही. नव्या सपाट पडद्यावर जुने गेम करकरीत आणि मेल्यासारखे दिसतात, त्यांना काचेची फुगीर ट्यूबच लागते. कुणीतरी अकोल्याच्या विलासभाऊंचा नंबर दिला. पूर्वी त्यांचं पार्लर होतं, सामान अजून घरात पडून आहे म्हणे. फोनवर मी सांगितलं की माझं कपाट चांदूर रेल्वेचं आहे. मग म्हणाले, "या तुमी. शनिवारीच या."

सकाळ: अमरावती ते मूर्तिजापूर

आधी कामाचं. ट्यूबचा टीव्ही आणायचा असेल तर एसटी आणि रेल्वे विसरा. स्वतःची गाडी न्या, मागची सीट पाडा आणि गादी अंथरा. अमरावती ते अकोला साधारण शंभर किलोमीटर, रस्ता चांगला, दोन तास धरा. जाऊन-येऊन पेट्रोल बाराशेचं लागलं, टोल वेगळा.

डिसेंबरची सकाळ. बडनेरा मागे पडल्यावर थंडी काचेतून आत यायला लागली. तूर पिवळी फुललेली, मधल्या पट्ट्यात वेचणीला आलेला कापूस. कापसाच्या गाड्या इतक्या फुगवून भरलेल्या की ओव्हरटेक करताना पुढचं काही दिसत नाही. घाई करू नका, गाडीवाले आपणहून बाजूला घेतात.

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबले. टपरीवरचे दोघं गाडीत डोकावत होते.

"ताई, गादी घेऊन कुठं?"

"अकोल्याला. टीव्ही आणायचाय."

"अन् टीव्ही झोपून येते काय?" एकानं विचारलं.

दुसरा गंभीरपणे म्हणाला, "म्हातारा असन बाप्पा, बसवत नसन त्याले."

मी हसत हसत गाडीत बसले. त्या दिवशी तेवढंच हसले.

अकोला: विलासभाऊंचं घर

विलासभाऊ पासष्टीचे, अंगानं मजबूत, आवाज अजून गल्ल्यावर बसल्यासारखा. जुन्या शहरातल्या गल्लीत गाडी जाईना, तेव्हा स्वतः समोर येऊन, हात हलवून हलवून त्यांनी ती आत घेतली. घरात एका खोलीत नुसती खोकी. मी कॅसेट जमवणारी बाई. मला त्या खोलीत अर्धा दिवस कोंडलं असतं तरी चाललं असतं. स्टिकचे लाल गोळे, पिवळी पडलेली बटणं, पत्र्याचा टोकन पडायचा डबा. टीव्हीसुद्धा होता, एकवीस इंची. लावून पाहिला तर जरा वेळ घेऊन, खाकरून उठल्यासारखा उजळला. दीड हजारांत ठरला. बटणांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

वहिनींनी जेवायला बसवलं. पाटवडीचा रस्सा, भाकर, कांदा. तो रस्सा जपून खा. मी पहिल्याच घासाला पाण्याचा तांब्या संपवला आणि वहिनी म्हणाल्या, "अमरावतीवाले काहून इतके लवकर रडतात?"

जेवण झाल्यावर विलासभाऊंनी हात पुसले. "आता दाखवा आपलं मशीन."

मी मोठ्या अभिमानानं मोबाइल पुढे केला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, तळाशी नेला, परत वर आणला.

"माहंच हाय. हा खालचा तिरपा काप आमच्या सुताराचा. चार बनवले होते, तीन चुलीत गेले. हे एक चांदूरले विकलं होतं." मग थांबून म्हणाले, "चित्र कुठी हाय?"

"घासून काढलं. हे नवीन लावलंय."

"कोणं काढलं?"

"मीच."

त्यांनी मोबाइल परत दिला. वहिनी ताटं उचलता उचलता थांबल्या.

मग समजलं ते असं. चित्र पुंडलिककाकांनी काढलेलं. दोन गल्ल्या पलीकडे राहतात. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकच्या मागची अक्षरं रंगवली. फ्लेक्स आले आणि काम गेलं. पाट्या उतरल्या, भिंतींना नवे रंग लागले, आता त्यांच्या हातचं गावात काहीच राहिलेलं नाही. माझा फोन आला त्याच संध्याकाळी विलासभाऊ त्यांना सांगून आले होते: तुझं चौथं मशीन सापडलं, शनिवारी बाई त्याचा फोटो घेऊन येऊन राहिली.

"तो सकाळपासून वाट पाहत असन," विलासभाऊ म्हणाले.

मी मोबाइलमध्ये जुने फोटो शोधायला लागले. वायरींचे चाळीस. चाळीस! पट्टीवरच्या एकेका खिळ्याचा फोटो होता. कपाटाच्या बाजूचा एकही नाही. शेवटी एक सापडला: टेम्पोतून उतरवताना काढलेला, कोपऱ्यात बाजूचा खालचा पट्टा आलेला. कापसाची दोन बोंडं, त्यांच्या मागे एका पायाचा अंगठा.

"खरं खरं सांगून टाका," काकांकडे जाताना विलासभाऊ म्हणाले. "रागवत नाही तो. आधी जरासा गप होते, मग चहा पाजते."

पुंडलिककाका

काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बाजेवर चादर नवीन. त्यांनी चष्मा पुसून हातात तयारच धरला होता.

"बसा जी ताई. दाखवा."

ते सदऱ्याचं इस्त्री केलेलं टोक पाहून माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "काका, वाळवी लागली होती. दोन्ही बाजू खाल्ल्या होत्या. वाचवता नाही आलं."

विलासभाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

काका खरंच जरासे गप्प झाले. "दोन्ही?"

"दोन्ही."

"मांगची बाजूबी? पाठीची?"

मी विचारलं, पाठ का काढली होती तिथे. त्यांचा चेहरा एकदम उघडला. "पाट्यावर मालक सांगते ते लिहा लागते. नमस्कार, आमचे येथे, असं. या डब्यावर मले कोणी काही सांगतलं नाही. मी म्हटलं, मानूस डब्यात उभा करू. इकडून पाहा, तं तोंड. तिकडून पाहा, तं पाठ. मधात डबा. पोट्टे पैसे टाकाच्या आधी गोल फिरून पाहेत, लेकाचे!"

"मी ओरडो, गर्दी करू नका म्हणून," विलासभाऊ हळूच म्हणाले.

म्हणजे ते अर्धवट नव्हतं. एक अख्खा माणूस त्या कपाटात उभा होता, समोरून आणि मागून, आणि खेळायला आलेलं पोरगं त्याच्या कुशीपाशी उभं राहायचं. मी दोन्ही बाजू वेगवेगळ्या रविवारी घासल्या. कपाटाभोवती एक फेरी मारावी असं मला सुचलं नाही.

मी तो पायाचा फोटो दाखवला. एवढाच आहे म्हणाले. काकांनी चष्मा लावला, मोबाइल दूर धरला, जवळ आणला आणि मोठ्यानं हसले.

"हाच राहाचा होता काय! मले पाय कधी जमले नाही, ताई. हात जमे, मिशी जमे. पाय काढला की भाकरीवानी दिसे. म्हणून तं कापूस काढला बुडाशी, पाय झाकाले. तरी हा अंगठा निसटला." पुन्हा पाहिलं. "बोंडं मात्र बरी आहेत."

मी त्या कापसाला भोळेपणा समजले होते. ती त्यांची हुशारी होती.

पुन्हा काढाल का, असं विचारायचं धाडस मी केलं. घसघशीत पैसेही बोलले, आणि बोलताना माझं मलाच बरं वाटेना. काकांनी उजवा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. "कपाचा कान धरणं होत नाही आता. अन् तो कसा होता ते मलेच आठवत नाही पुरं. म्हणून तं पाहाचा होता."

मग त्यांनी चहा पाजला. निघताना म्हणाले, "वाळवी लागलेलं लाकूड कोणी घरात घेत नाही. तुमी घेतलं, उभं केलं. लय झालं." आणि माझा नंबर त्यांच्या साध्या फोनमध्ये विलासभाऊंकडून टाकून घेतला.

आम्ही विलासभाऊंच्या घरी परतलो. त्यांनी टीव्ही गादीवर निजवला, दोरी आवळली, दोनदा ओढून पाहिली. मग म्हणाले, "काहून बोलले तुमी तसं?"

काकांना वाईट वाटू नये म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण मला स्वतःला त्यांच्यासमोर ती काचपेपरवाली बाई व्हायचं नव्हतं, एवढंच खरं आहे.

परत

परतीचा रस्ता उन्हात लांब वाटला. वाटेत कुठे थांबले नाही, त्यामुळे खाण्याचं काही सांगता येत नाही.

टीव्ही बसला. मशीन चालतं. पडद्यावर रंग तसेच सांडतात जसे पार्लरच्या दारातून दिसायचे. शेजारची मंडळी येतात, खेळतात, स्टिकरचं कौतुक करतात. कुणी कपाटाभोवती फिरून बघत नाही. बघण्यासारखं तिथे काही नाही.

तुम्ही जुनं मशीन घेणार असाल तर वायरींच्या आधी बाजूंचे फोटो काढा. घासण्याआधी विकणाऱ्याला विचारा, हे कुणी काढलं. आपल्या भागातली ही कपाटं परदेशातून आली नव्हती. आपल्याच सुतारांनी ठोकली, आपल्याच पेंटरांनी रंगवली. त्यांना परदेशी रूप देण्यात मी दोन महिने घातले, आणि ज्यानं रंगवलं तो माणूस माझ्यापासून दोन तासांवर राहत होता.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. मला वाटलं विलासभाऊंनी खरं सांगितलं. तसं नव्हतं.

"ताई, वाळवी एकदा लागली की जात नाही. आतून परत येते. बाजारात औषध भेटते, ते ब्रशनं लावा, दोन हात. कोपऱ्यात जास्त. बुडाले विसरू नका."

मी लावते म्हणाले. आठवड्यानं पुन्हा फोन: लावलं काय? दोन हात दिले काय? तिसऱ्या वेळी मी ठरवूनच फोन उचलला होता, की आज सांगायचंच. ते म्हणाले, "झोप नाही लागत मले, तेवढं एक राहिलं आहे माहं, डबा तरी," आणि मी पुन्हा 'लावते' एवढंच म्हणाले.

काल मी बाजारातून ते औषध आणलं. मशीन भिंतीपासून ओढलं, आडवं केलं, आणि एकही किडा न लागलेल्या त्या खणखणीत लाकडाला ब्रशनं दोन हात दिले. कोपऱ्यात जास्त. घरभर उग्र वास सुटला, नवऱ्यानं खिडक्या उघडल्या आणि विचारलं, "वाळवी लागली का?"

"नाही," मी म्हणाले, आणि खालच्या फळीला ब्रश लावला.