‘ण’ म्हटलं की राऊंड

आमच्या मुलींच्या फुटबॉल टीमच्या किटबॅगेत बॉल मोजके आणि किस्से मावेनात एवढे! मी टीमची मॅनेजर. म्हणजे बाटल्या भरा, वेण्या बांधा, गुडघ्यांना पट्ट्या लावा आणि पालकांना आवरा. मॅच सुरू झाली की माझ्याच्यानं बसवत नाही. साइडलाइनवर नुसत्या येरझाऱ्या!

आमचे कोच सायमन सर एकदा म्हणाले, "ताई, बसा हो जरा. तुम्हाला बघून पोरींना वाटतं, आपण हरतोय."

"हरतोयच की सर!"

"ते त्यांना कुठं माहितीये?"

*

वसईतल्या पापडीच्या मैदानावर गास गावची वैशू पहिल्यांदा गोलमध्ये उभी राहिली, तेव्हाची गोष्ट. ऊन मी म्हणत होतं. ती ओरडली, "सर, पानी!"

मनवेलपाड्याच्या, आमच्याच बिल्डिंगमधल्या तन्वीला हसू आवरेना. "पानी नाही गं, पाणी!" बाकीच्याही खिदळल्या. प्रॅक्टिस संपेपर्यंत वैशूनं घोटभर पाणी मागितलं नाही. माझा संताप संताप झाला!

दुसऱ्या दिवशी सरांनी नियम काढला. मैदानात कुणी चुकलं की बाकीच्यांनी ओरडायचं, "पानी!" चुकलेलीनं मान वर करायची. चूक वाहून गेली, पुन्हा तो विषय काढायचा नाही.

"आणि जी ‘ण’ म्हणेल तिला मैदानाला राऊंड!"

पहिला राऊंड अर्थातच तन्वीचा. दुसरा माझा.

*

तन्वीचे बाबा रविवारी मॅचला यायचे आणि आठवडाभराचं ओरडणं एका दिवसात उरकायचे. "प्रेस कर! मार्क कर! अगं, झोपलीस का?" पोरगी बॉलकडे बघायचं सोडून बाबांकडे बघायची.

सर शांतपणे गेले आणि त्यांच्या हातात सुकेळी ठेवली. आपली वसईची, वाळवलेल्या केळ्याची. अशी चिवट की दातांना काही सुचू नये.

"ही संपली की ओरडा," सर म्हणाले.

त्या दिवशी तन्वीनं गोल मारला. हाफटाइमला बाबा सरांकडे आले. मला वाटलं, आता भांडणार!

"सर, अजून एक आहे का?"

*

एका मॅचला बाहेरचे रेफ्री होते. तन्वीचा पास चुकला, बॉल थेट समोरच्यांच्या पायात. आमच्या सगळ्या एका सुरात ओरडल्या, "पानी!"

रेफ्रींनी शिट्टी मारली आणि वॉटर ब्रेक दिला!

समोरच्यांचा ॲटॅक जागच्या जागी थांबला. त्यांचे कोच भडकले, "ही चीटिंग आहे!" सरांनी स्वतः रेफ्रींकडे जाऊन बॉल त्यांना परत द्यायला लावला. मग समोरच्यांनी गोल मारला. माझा तिळपापड, आणि वैशू गोलमधून मलाच ओरडते, "ताई, पानी!"

*

त्याच वैशूच्या पायांमधून एकदा साधा सरपटत आलेला बॉल गेला. शेवटच्या मिनिटाला. आम्ही हरलो. सगळ्यांनी घसा फोडून "पानी!" केलं, पण तिनं मान वर केली नाही. ग्लोव्हज काढून माझ्या हातात दिले.

"ताई, माझं पानी संपलं."

ती प्रॅक्टिसला यायची बंद झाली. मला चैन पडेना. "सर, मी फोन करते!"

"नको. मी घरी जाऊन सांगून आलोय, तुझे ग्लोव्हज आमच्याकडे आहेत. आता तिला ओढायचं नाही."

"आणि नाही आली तर?"

"तर नाही आली."

असा राग आला मला त्यांचा!

पुढच्या मॅचला राखीव गोलकीपर म्हणून सरांनी वैशूचंच नाव दिलं. मी म्हटलं, काय हा वेडेपणा! गोलमध्ये तन्वी, जुने, ढगळे ग्लोव्हज घालून. बॉल हातांतून निसटला आणि आत गेला. तन्वी तिथंच मटकन बसली, तोंड झाकून. आमच्या पोरी इतक्या हबकल्या की ओरडायचंही विसरल्या. बाबांची सुकेळी तोंडातच राहिली.

तेवढ्यात जाळीच्या मागून, कुंपणाजवळून आवाज आला.

"तन्वे, पानी!"

तन्वीनं मान वर केली. मागं वळून बघितलं. मग उठली आणि हातातले ग्लोव्हज काढायला लागली.

मी कधी नव्हे ती बाकावर टेकले होते. सरांची हाक आली, "ताई, आता काय बसताय? उठा! वैशूला तिचे ग्लोव्हज कोण देणार?"