बारावा वाटा

ती घटना आजही आठवते. मी विसरायला तयार आहे, पण आमचे जुने हवालदार विसरू देत नाहीत.

गोरेगाव तालुक्यातला एक जुना मालगुजारी तलाव. एप्रिल महिना. सकाळी नऊच्या सुमारास ठाण्यात निनावी फोन आला, ‘जाळं ओढताना माणूस बुडाला.’ आम्ही पोहोचलो तेव्हा प्रेत पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, काढून ठेवलं होतं. बाजूला मासळीचे ढीग.

मासेमारीचा ठेकेदार पुढे आला. “साहब, अपना आदमी नहीं. मासळी चोरायला उतरला, बुडाला. माझी माणसं अकरा. मोजून घ्या.”

मी मोजली. अकराच भरली. सगळे खाली मान घालून उभे होते. मी त्याला दुःख समजलो. आकस्मिक मृत्यूची नोंद केली, त्यात ‘चोरीच्या उद्देशाने उतरला असता’ असं ठासून लिहिलं, आणि तपासात कसर नको म्हणून सगळे ढीग पोत्यांत भरून मुद्देमाल जप्त केला. भरण्याआधी ढिगांपुढे उभा राहून फोटोही काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी हवालदार नाकाला रुमाल लावून म्हणाले, “साहेब, आरोपी पळाला तर निलंबन होते. हा मुद्देमाल पळाला तर आम्ही सत्कार करू.” शेवटी रीतसर पंचनामा करून मासळी ठाण्यामागे चुना टाकून पुरली.

तिसऱ्या दिवशी मृताची बायको आली. “माहा नवरा चोर नोहता जी. वाटे किती होते, ते सांगा.”

“कसले वाटे?”

“ते ढिगं जी. ज्याचा हात जाळ्याले लागला, त्याचा एक वाटा. मानूस मेला तरी त्याचा वाटा पडतेच. तुमी मोजले नाही काऊन?”

मी पोत्यांबद्दल सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. “साहेब, तेच तर हजेरी होती!”

ठेकेदाराकडे हजेरीपट मागितला, तर तो हसला. “हजेरीपट कामगारांचा असतो, साहब. हे वाटेकरी. कामाचे तास, भरपाई, कोई कानून नहीं लगता.” कामगार कार्यालयात फोन केला. तिथले साहेबही म्हणाले, “कारखाना नाही, दुकान नाही, पगार नाही. आमच्या रकान्यात बसत नाहीत हे.” निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम माझ्या हातात होतं. पण तो माणूस कामावर होता हे दाखवायला हवं होतं, आणि तो पुरावा मी स्वहस्ते पुरला होता.

तेव्हा हवालदारांनी मोबाईल पुढे केला. “साहेब, तुमचं पोट थोडं आड येते, पण मोजता येतात.”

ढीग बारा होते.

ठेकेदाराला आणि अकरा जणांना एकत्र बसवून फोटो दाखवला. “माणसं अकरा. बारावा वाटा कोणाचा?”

“मेरा,” ठेकेदार म्हणाला.

तीन दिवस तोंड न उघडलेला सगळ्यात म्हातारा गडी त्याच्याकडे वळला. “तुहा कायले? तुहा माल तर वाटे पडायच्या आधीच टेम्पोत चढते.”

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच बोलू लागले. जाळं पाण्यातल्या खुंटाला अडकलं होतं. ते सोडवायला मेलेला गडी एकदा डुबकी मारून धापा टाकत वर आला, तरी ठेकेदाराने त्याला पुन्हा उतरवलं. गुन्हा दाखल झाला.

दुरुस्त नोंदीची प्रत मृताच्या बायकोला देताना मी ती वाचून दाखवू लागलो. तिने हात आडवा केला. “इथं नको जी. चोर म्हनलं ते पाळीवर. तिथंच वाचा.”

तपासात पहिली चौकशी वहीची करायची, असं आम्हाला शिकवलेलं. ज्यांच्यासाठी कायद्याने वहीच ठेवलेली नाही, तीही माणसं आपला हिशेब कशावर तरी मांडून ठेवतात; तो उचलण्याआधी विचारावं, हे मी त्या तलावावर शिकलो.

दुसऱ्या सकाळी पाळीवर ते अकरा जण आणि निम्मं गाव जमलं. तो मजूर होता आणि काम करताना गेला, हे मी मोठ्याने वाचलं. आधीची नोंद चुकीची होती, हेही वाचलं. मागून एक म्हातारी म्हणाली, “आयकू नाही आलं, साहेब.” मी पुन्हा वाचलं. नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ घेतले. दोनदा द्यावा लागला तो हा एकच.