दामूच्या अॅपमधला बर्फ

त्या सोमवारी कंपनीची बस सरावलीला थांबली आणि दामूच्या घरासमोर गर्दी दिसली, तरी ड्रायव्हरने सवयीने हॉर्न वाजवलाच... दामूला रोज उशीर व्हायचा ना! मग एकजण खाली उतरून चौकशी करून आला आणि त्याने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दामू मूळचा सातपाटीचा कोळी, नोकरीसाठी सरावलीला राहायचा. तारापूरच्या रसायन कारखान्यात वाफेत नि भोंग्यात आम्हा दोघांचं अर्धं आयुष्य कोंडलं गेलं. सुटायची वाट त्याने मोबाइलमध्ये शोधली. गावच्या मासळीवाल्या बायकांना घरून बर्फ मागवता येईल, असं अॅप तो रात्रंदिवस खपून बनवत होता. ते चाललं तर मच्छीमार सोसायटी त्याला कामावर घेणार होती. चाचणीला मीही हजर. असा तमाशा मी चुकवतो होय! बायकांनी बटणं दाबली, आणि पडद्यावर प्रत्येकीपुढे शून्य!

"काय रं दाम्या," त्याची आत्या गरजली, "सगल्या कंपनीला अक्कल शिकवतोस, नि आमाला बर्फ नाय?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याने मला प्रोग्राम दाखवला. प्रत्येकीच्या ऑर्डरमध्ये 'बर्फ' नावाचा रकाना होता, आणि तिने मागितलेल्या आकड्यालाही त्याने 'बर्फ' हेच नाव दिलेलं. 'बर्फ बरोबर बर्फ' म्हटल्यावर आकडा स्वतःलाच परत मिळे, रकाना कोरडा. दामू एकदम उठून भर बसमध्ये आत्याची नक्कल करू लागला. बर्फाची गाडी आली की सगळे टब सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक बाई आपापल्या टबावर हात ठेवून ओरडते, "ह्यात टाक!" बोलणं सगळ्यांचं तेच, पण जिचा हात, तिचा टब.

"धिस म्हंजे ह्योच हात रं!" माझ्या डब्यावर थाप मारून दामू ओरडला. "जी ऑर्डर चालू हाय, तिचा सोताचा रकाना!"

प्रोग्रामच्या भाषेत 'धिस' म्हणजे 'ही चालू ऑर्डर'; ते रकान्याच्या नावाआधी लावून 'धिस डॉट बर्फ' एवढंच लिहायचं राहिलं होतं. मी टाळ्या पिटल्या. मागून आवाज आला, "दामूभाई, सोने दो यार!"

पुढच्या चाचणीत बर्फ बरोबर पोचला. सोसायटीने होकार दिला. "सोमवारी सायबाला सांगतो, सुटलो," शनिवारी उतरताना तो म्हणाला. रविवारी रात्री त्याच्या छातीत कळ आली...

आमच्या कंट्रोल रूमचा नियम आहे, बदली माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. दामूच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही, म्हणून आता शिफ्टभर त्याच्या खुर्चीवर मलाच बसवतात. गादीला त्याच्या बसण्याचा खळगा पडलाय. बदली माणसाची वाट न बघता उठून गेला तो हा एकटाच, लबाड! मी त्या खळग्यात बसून दाराकडे बघत असतो.