वस्तादांनी डॉक्टरला सांगितलेली कुस्ती

हर्सूलच्या तालमीत चाळीस वर्षांत पुंजाराम वस्तादांना कुणी उलटा प्रश्न विचारला नव्हता. कुस्तीचे नियम त्यांना तोंडपाठ होते, कारण ते होतेच मुळी मोजके. पाठ लागली की संपलं, आणि पंचाच्या अंगावर धावून जायचं नाही. दुसरा नियम वस्तादांनी स्वतः दोनदा मोडला होता, पण ते जुनं झालं. अशा माणसाच्या हातात त्या रविवारी सकाळी अडतीस पानांची नियमावली होती आणि त्यातलं एक पान त्यांना समजलं असेल तर शपथ.

नियमावली एमएमएची होती. वस्तादांची धाकटी लेक श्रेया एकोणीस वर्षांची. आठव्या वर्षापासून बापाच्या तालमीतल्या मातीत वाढलेली. दोन वर्षांपूर्वी ती शहरात प्रणय सरांच्या क्लासला जायला लागली आणि कुस्तीत ठोसे, लाथा, गळा आवळणं असं सगळं कालवून केलेला हा खेळ तिनं घरात आणला. आज राज्याच्या हौशी संघाची निवड चाचणी होती. जिंकली तर राष्ट्रीय स्पर्धा, तिथं जिंकली तर देशाची जर्सी. त्या जर्सीपायी पोरीनं वर्षभर लग्नं, सणवार, आईच्या, आशाबाईंच्या, हातच्या पुरणपोळ्या सगळ्यांवर पाणी सोडलं होतं. लढतीच्या वेळी तिच्या कोपऱ्यात दोघांना बसायची परवानगी होती. एक प्रणय सर आणि दुसरे वस्ताद.

वस्ताद महिनाभर अभ्यास करत होते, पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढायचा. समोरच्याला बुक्की मारायची, पण कोपर मारायचं नाही. पडलेल्याला बुक्की चालते, लाथ चालत नाही. टाच पिरगाळायची नाही. नडगीला पट्टे बांधल्याशिवाय आत सोडत नाहीत. ते पट्टे आणायला वस्ताद गुलमंडीच्या बाजारात गेले, तर दुकानदारानं त्यांना क्रिकेटची पॅडं काढून दाखवली आणि वस्ताद ती घेऊनच येणार होते.

सगळ्यात मोठं गौडबंगाल होतं संघटनांचं. प्रणय सरांनी एकदा वहीवर चौकोन काढून समजावलं होतं की जगात या खेळाच्या एकाहून जास्त संघटना आहेत, देशातही तसंच, आणि जो तो म्हणतो खरे आम्हीच.

"मग ऑलिम्पिकवाले कुणाला खरं म्हणत्यात?" वस्तादांनी विचारलं.

"त्यांनी अजून हा खेळच घेतलेला नाही."

"म्हणजे मांडव दोन, अन् लग्नाचा पत्ता नाय!" वस्ताद म्हणाले. प्रणय सर हसले.

सकाळी हॉलवर पोचल्यावर प्रणय सरांना प्रशिक्षकांच्या बैठकीला बोलावलं. श्रेयाचं वजन झालं, बरोबर बसलं. मग वैद्यकीय तपासणी. इथं प्रत्येक खेळाडूचं एक पुस्तक असतं. त्यात रक्ताचे रिपोर्ट, मागच्या लढती, लागलेला मार, सगळं डॉक्टरच्या सहीनं. वस्तादांना वाटलं, आपण आयुष्यभर पैलवान घडवले, पण एकाचंही पुस्तक केलं नाही. थोडं हसू आलं त्यांना.

टेबलापाशी डॉक्टर मनस्विनी बसल्या होत्या. चष्मा लावलेली, तिशीतली बाई.

"गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मार? चक्कर? बेशुद्ध पडलीस कधी?"

"नाही," श्रेया म्हणाली. फॉर्मवरही तिनं नाहीवरच खूण केली होती.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. श्रेयानं झटकन मान वळवली. मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर ती डुलली. परत उभी राहिली, परत डुलली.

"घाबरलीयेस का गं?" डॉक्टरांनी मायेनं विचारलं.

हे मात्र वस्तादांच्या वर्मी लागलं. त्यांची लेक, आणि घाबरली?

"म्याडम, भ्यायचं आमच्या घरात ठाऊक नाय!" ते पुढं सरसावले. "एकोणीस दिवस झालं असतील. फर्दापूरच्या जत्रंत हिची कुस्ती होती. समोरची पोरगी लई भारी, हिच्या दीडपट. तिनं उचलून असं आपटलं की ही मानंवर पडली. दोन मिनिटं डोळं उघडलं नाय. मी पाणी मारलं, कान चोळलं, गालावर दोन चापट्या दिल्या. उठली पठ्ठी! अन् त्याच पोरीला चितपट केलं. अख्खी जत्रा उभी राहिली होती!"

हा किस्सा त्यांनी तोवर निदान पन्नास जणांना सांगितला असेल. तालमीत, चहाच्या टपरीवर, व्याह्यांच्या घरी. प्रत्येक वेळी ऐकणारा मांडीवर थाप मारायचा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. श्रेयानं डोळे मिटून घेतले.

"काका, डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला आमच्या नियमात किमान तीस दिवस बंदी आहे. तीस दिवसांनंतरही डॉक्टरनं पास केलं तरच."

वस्तादांना आधी वाटलं, बाईंना नीट कळलं नाही. ज्या गोष्टीला बक्षीस द्यायचं, त्या गोष्टीला बंदी?

"पण ती मातीतली कुस्ती होती, म्याडम. तुमच्या संघटनेची नव्हती. कुठल्याच संघटनेची नव्हती!"

"डोकं तर तेच होतं ना, काका?"

डॉक्टरांनी पुस्तकात बंदीचा शिक्का मारला. श्रेया बाहेर निघून गेली.

वस्ताद धावत बैठकीच्या खोलीत गेले. प्रणय सरांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"वस्ताद, हे मला का नाही सांगितलं?"

"अख्ख्या हर्सूलला माहीत हाय!"

"मला नव्हतं." प्रणय सर इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "एक वाट आहे. पुढच्या रविवारी दुसऱ्या संघटनेची चाचणी आहे. त्यांचं पुस्तक वेगळं. हा शिक्का त्यांना दिसणार नाही. मला आवडत नाही हे, पण तिचं वर्ष वाया जातंय. नाव देऊ का?"

वस्तादांच्या जिवात जीव आला. संघटनांच्या ज्या भानगडीनं महिनाभर डोकं खाल्लं, तीच आता देवासारखी धावून आली होती. हाताशी आलेला डाव स्वतःच्या तोंडानं घालवला होता त्यांनी, तो परत मिळत होता. पण बाईंचं ‘डोकं तर तेच होतं ना’ हे वाक्य मात्र कानातून जाईना, आणि ते का जाईना, हेही त्यांना उमजेना.

श्रेया हॉलच्या पायऱ्यांवर बसली होती. उन्हाकडं पाठ करून, डोक्यावर ओढणी.

"पोरी, रडू नको. पुढल्या ऐतवारी दुसऱ्यांची चाचणी हाय. त्यांना कायबी कळत नाय. सर नाव देत्यात."

"नको, आबा."

"नको? अगं वर्षभर मेलीस ना तू ह्याच्यापायी!"

"मला उजेड बघवत नाय, आबा. त्या जत्रंपासून. रोज डोकं दुखतं. वाचलेलं ध्यानात राहत नाय. परवा आईनं दुकानातून काय आणायला सांगितलं तेच इसरले अन् रस्त्यात उभी राहिले."

वस्ताद तिच्याकडं वळले. "मग मला का नाय सांगितलं?"

"कसं सांगू? तुम्ही येईल त्याला सांगत होता, कशी पडली अन् कशी उठली. इतकं खूश तुम्हाला मी कधीच बघितलं नव्हतं."

वस्ताद तिच्याशेजारी पायरीवर बसले. त्यांना लाज वाटली, नुसती लाज. प्रणय सर दारात येऊन हातानंच विचारत होते, देऊ का नाव? वस्तादांनी मान हलवली. नाही. मग लेकीच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि सावलीसावलीनं परत डॉक्टरांच्या टेबलापाशी आणलं.

"म्याडम, तीस दिवस खोडा. बरी होईस्तवर लिहा. हिला तरास होतोय, अन् मला पत्ता नाय."

डॉक्टरांनी नवा कागद घेतला, डोकं कधी दुखतं, उलटी होते का, सगळं विचारलं. उद्या मेंदूच्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून चिठ्ठी लिहिली. मग विचारलं, "अशी बेशुद्ध आधी कधी पडली होती का?"

वस्तादांनी सवयीनं उत्तराला तोंड उघडलं.

"आबांना सगळ्या वेळा माहीत नाहीत," असं म्हणून श्रेयानं खुर्ची पुढं ओढली आणि ती सांगायला बसली.