वाट चुकलेलं वारं

हातात पेटलेली उदबत्ती, डोळे अर्धवट मिटलेले आणि तोंड एखाद्या जुनाट पिकअपच्या डॅशबोर्डपाशी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, मामा गाडीची पूजा करतायत. ते उदबत्ती हवेच्या एका जाळीसमोरून दुसऱ्या जाळीसमोर नेत, धूर काचेकडे पळतो की पायांकडे ते बघत, आणि मग समोरच्या टपरीवरच्या माणसाचा चहा सांडावा अशा आवाजात निकाल देत, "वारं हाय! वाट चुकलंय!"

शिरूरला बायपासच्या कडेला गाड्यांच्या एसी-हीटरचं त्यांचं दुकान आणि शेजारी माझं सीटकव्हरचं, मधे फक्त एक पत्रा. त्या पत्र्यातून मी वर्षानुवर्षं हा निकाल ऐकला. सुरुवातीला वैताग यायचा. मी गिऱ्हाईकाला रेग्झिनचे रंग दाखवतोय आणि पलीकडून आरोळी. पुढं पुढं आरोळी आली नाही तर मलाच करमेना.

मामा ख्रिस्ती, मिशनच्या जुन्या वस्तीतले. हा माणूस दिवसभर उदबत्त्या लावतो, अशी तक्रार कुणीतरी पाळकसाहेबांकडे केली. पाळकसाहेब समजूत घालायला आले, ते नेमके स्वतःच्या जुन्या गाडीतून. मामांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "साहेब, आधी बसा. घाम का आलाय एवढा?" म्हणत त्यांच्याच गाडीत उदबत्ती फिरवली, आतली अडकलेली झडप हुडकून मोकळी केली. पाळकसाहेब गार वाऱ्यात बसून परत गेले. तक्रारीचं पुढं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

आता, असा कारागीर म्हटला की तो अबोल, साधाभोळा असणार असं तुम्हाला वाटत असेल, तर मामांनी तुमची चांगलीच निराशा केली असती. बढाया मारण्यात त्यांचा हात धरणारा सबंध तालुक्यात नव्हता. चुकायचेही भरपूर. पण चुकले म्हणून आवाज खाली यायचा नाही. "मी कवा म्हनलो ब्लोअर गेलाय? मी म्हनलो ब्लोअरच्या आसपास काय तरी हाय!" आसपास म्हटल्यावर अख्खी गाडीच आली, हे त्यांना कोण सांगणार?

कवठे येमाईचा कांद्याचा एक व्यापारी भर मे महिन्यात आला. पुन्हा पुन्हा गॅस भरूनही त्याच्या पिकअपचा एसी गार करत नव्हता. मामांनी पाहिलं, तर थंडीत पाय शेकायला त्यानं हीटर उघडला होता, तो अजून तसाच. गार वारं आणि गरम वारं एकाच वाटेनं येत होतं. मामांनी बटण लालवरून निळ्यावर फिरवलं आणि हसत हसत जमिनीवरच बसले. "आवो, एकाच चुलीवर भाकरी आन् बरफ! कसं जमायचं?" व्यापारी आधी चिडला, मग तोही हसला. जाताना सगळ्यांना चहा पाजून गेला.

पण मला सांगायचं आहे ते राहू गावच्या वहिनींचं.

मार्च संपत आला होता आणि ऊन चांगलंच तापलं होतं. दुपार व्हायच्या आत एक जुनी डबल केबिनची पिकअप आमच्या दारात कचकन थांबली. चालवणाऱ्या बाई उडी मारूनच खाली उतरल्या. चेहरा लालबुंद. "मामा, काच बर्फावानी गार पडलीय आन् मागं नुसती भट्टी झालीय. लवकर बघा. मागं माझ्या अळ्या हायत!"

अळ्या म्हणजे रेशमाच्या. कवठ्याकडच्या एका केंद्रातून त्यांनी लहान अळ्या आणल्या होत्या आणि ट्रे मागच्या सीटवर रचले होते. न्हावऱ्यावरून राहूला जायचं होतं. सकाळच्या गारव्यात निघायचं ठरलेलं, पण केंद्रावरच उशीर झाला. राहूला ऊस मोडून दुसरं काही लावायचं म्हणजे घरात भांडण. वहिनींनी सासऱ्यांशी, म्हणजे आबांशी, भांडूनच रानाचा एक तुकडा तुतीसाठी घेतला होता. आबांनी अट घातली होती, "एक बॅच करा. न्हाई साधली तर नांगर घालायचा आन् पुन्हा ऊस." ती एक बॅच आता आमच्या दारात उन्हात उभी होती.

हे ऐकता ऐकताच मामांनी सवयीनं उदबत्ती पेटवली. वहिनी किंचाळल्या, "न्हाई, न्हाई! धूर चालत न्हाई त्यांना! उदबत्तीनं मरत्यात त्या!"

मामांनी धावत जाऊन ती रस्त्यापलीकडच्या मातीत खुपसली आणि परत येऊन रिकामे हात घेऊन उभे राहिले. त्यांना असं मी कधी पाहिलंच नव्हतं. मला काय सुचलं कोण जाणे, दुकानात पळालो आणि सावरीचा मूठभर कापूस घेऊन आलो. उशा भरायला मी तो ठेवतो.

"कुशनवाले, डोकं हाय तुमाला!" मामा ओरडले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक.

गाडी पत्र्याच्या सावलीत घेतली. मामांनी कापसाचा पुंजका चिमटीत धरून समोरच्या जाळ्यांपुढं नेला. हलेना. काचेखालच्या लांब फटीवर धरला, तर चिमटीतून सुटून थेट छताला गेला. "वारं हाय!" मामा गरजले. मग मागच्या ट्रेंकडं त्यांचं लक्ष गेलं आणि पुढचं त्यांनी हळू आवाजात म्हटलं, "वाट चुकलंय."

पाठोपाठ निदानही आलं. "झडपेची केबल तुटली. लिहून घ्या." बटण काढलं, पॅनेल काढलं. केबल धडधाकट. वहिनी पुठ्ठ्यानं ट्रेंना वारा घालत होत्या आणि घड्याळाकडं बघत नव्हत्या, मुद्दामच. मी दारं उघडू की लावू या घोळात गाडीभोवती फिरत होतो. "मी म्हनलो केबलच्या पल्याड," मामा पुटपुटले. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उतरवला, गाडीत आडवे झाले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपलं. हात बाहेर आला तेव्हा मुठीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या, अक्षता होत्या आणि एक सुपारी.

तुमच्या-आमच्या गाडीत डॅशबोर्डवर देव असतोच. आबा रोज सकाळी गाडीतल्या देवाला फूल वाहायचे आणि कालचं वाळलेलं फूल काचेखालच्या फटीतून आत घरंगळायचं. पाकळ्या आणि तांदूळ झडपेच्या सांध्यात जाऊन बसले, आणि दसऱ्याच्या पूजेतली सुपारी वरून पाचर मारल्यासारखी अडकली. बटण कुठंही फिरवा, झडप काचेकडंच उघडी. देवाला वाहिलेल्या फुलांनी सगळं वारं देवाकडंच वळवलं होतं.

"अगं बाई, ही सुपारी!" वहिनी त्याही घाईत म्हणाल्या. "आबा दसऱ्यापासनं शोधत्यात. घरातल्या समद्यांवर आळ घेऊन झाला!"

मामांनी काळे झालेले हात पँटला पुसले, पुन्हा पुसले, आणि सुपारी ओंजळीत धरून वहिनींना दिली. "गनपती हाय ना ह्यो? घ्या. आन् आबांला सांगू नका कुठं घावला ते. उगं फुलं वाहायचं सोडतील." पाकळ्या त्यांनी दुकानामागच्या जास्वंदीच्या बुडाशी नेऊन घातल्या. सीटच्या मागं खिसा शिवायला मी जी जाळी वापरतो, तिचा तुकडा मागून घेतला आणि त्या फटीवर ताणून बसवला. कोण कुठले आबा, मामांनी त्यांना पाहिलंही नव्हतं. मला मामांबद्दल त्या क्षणी फार प्रेम वाटलं.

मग बटण फिरवलं. झडप खटकन बसली आणि गार वारं समोरच्या सगळ्या जाळ्यांतून भसकन मागच्या सीटपर्यंत गेलं. मी टाळ्याच वाजवल्या. टपरीवरची माणसंही ओरडली. मामांनी ऐटीत वरच्या ट्रेवरचा कागद उचलला, आणि त्यांचा चेहरा पडला. आत एकही अळी हलत नव्हती.

"गेल्या, ताई," ते म्हणाले. "केबल केबल करत बसलो मी." आणि आयुष्यभर आवाज चढवून बोललेला हा माणूस बाजूच्या टायरवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

वहिनींनी वाकून नीट पाहिलं. "मामा, आवो मामा, झोपल्या असतील. कात टाकायच्या आधी अशाच गप पडून राहत्यात. केंद्रावर सांगितलंय मला." कागद पुन्हा झाकत त्या म्हणाल्या, "उद्या उठल्या म्हंजी जगल्या म्हनायचं. खरं सांगू का, मला बी ठावं न्हाई. माझी पन पहिलीच बॅच हाय."

मामा उठले. डोळे पुसले, शटर ओढलं आणि मागचं दार उघडून आत शिरले.

"तुम्ही कशाला, मामा?"

"वारं परत वाट चुकलं म्हंजी? चला तुम्ही."

ट्रेंच्या शेजारी अंग चोरून, चिमटीत कापसाचा पुंजका धरून ते बसले आणि गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. मला त्या दुपारी एकही शिवण सरळ घालता आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत असताना फोन वाजला. मामा रात्री राहूलाच राहिले होते. "कुशनवाले! उठल्या! समद्या उठल्या! पाला खात्यात, आवाज येतोय, ह्यो ऐका!" त्यांनी फोन ट्रेपाशी नेला. मला काडीचं ऐकू आलं नाही, पण मी "येतोय! येतोय!" म्हणून ओरडलो. बायको घाबरून बाहेर आली. "काय झालं? कोण बाळंत झालं?"

"अळ्या उठल्या!" मी म्हणालो. तोंडातला सगळा फेस शर्टावर आला.

बॅच साधली. नांगर काही त्या तुकड्यात गेला नाही, उलट आबाच सकाळी उठून तुतीचा पाला कापायला जाऊ लागले. आणि मामांना नवा नाद लागला. मोठ्या झालेल्या अळ्या कोष विणायला प्लास्टिकच्या चौकटीवर चढतात, तिला चंद्रिका म्हणतात. तो दिवस जवळ आला की मामा गिऱ्हाईकाची गाडी अर्धवट सोडून राहूला फोन लावत, "ताई, चढल्या का?" होकार आला की पत्र्यावर थाप मारून मला कळवत. गिऱ्हाईक बोंबलायचं. मामा म्हणायचे, "तुमचा एसी कुठं पळून जातोय का?"

गेल्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. सकाळी मी वहिनींना कळवलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला यायला जमायचं न्हाई. आज अळ्या चढायला लागल्यात. सोडून आले तर मामाच रागं भरतील." फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "त्यांना सांगाल का तुम्ही?"

दुपारी पुन्हा त्यांचा फोन आला, तेव्हा आम्ही कबरस्तानात होतो.

प्रार्थना झाली. एकेक जण मूठभर माती टाकून बाजूला होत होता. माझी पाळी आली. मी वाकलो आणि म्हणालो, "मामा, चढल्या." शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू गेलं नसेल, मग मामांना काय जाणार? लोक बघत होते. बघू देत. हातातली माती तशीच घट्ट धरून मी पुन्हा म्हणालो, या वेळी घसा फोडून, "मामा! चढल्या! समद्या चढल्या!"